मक्ता, न्यायालय आणि बाजारातली पावती

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी यंदा पहिल्याच तासाला प्रश्न टाकला, ‘कर कोण वसूल करतो?’ वर्गाने एका सुरात उत्तर दिले, ‘सरकार.’ मी मात्र गप्प राहिले. माझ्या डोळ्यांपुढे रविवारच्या बाजारात आमच्या मिरचीच्या ढिगापुढे येऊन उभा राहणारा माणूस आला. त्याच्या खांद्याला कातडी पिशवी असते आणि हातात पावतीपुस्तक. तो सरकारचा नोकर नाही, नगरपरिषदेचाही नाही. तो ठेकेदाराचा माणूस आहे. तास संपल्यावर मी सरांना हे सांगितले. ते हसून म्हणाले, ‘मग त्यावरच लिही. अंकासाठी कविता पुष्कळ आल्या आहेत.’

कायदा हा माझा विषय नव्हे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली, त्यामुळे घरी विचारावे असेही कोणी नाही. ग्रंथालयात बसून, शब्दकोश उशाशी घेऊन आणि अडेल तेथे सरांना विचारून जे उमगले तेच येथे मांडत आहे. जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात.

मक्ता हा आपल्याकडचा जुना शब्द. उत्पन्नाची एखादी बाब सरकारने ठरावीक रकमेला एखाद्याच्या हवाली करायची, त्याने ती रक्कम सरकारात भरायची आणि लोकांकडून जे जमेल ते आपल्याकडे ठेवायचे, असा हा व्यवहार. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत महालांची वसुली अशीच जास्त बोली करणाऱ्याच्या पदरात पडू लागली. बोली मोठी करायची आणि ती रयतेकडून भरून काढायची, हा त्यातला हिशेब होता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली आपला अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. पुढे ‘मक्तेदारी’ हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात निराळ्याच अर्थाने जाऊन बसला, आणि मूळ व्यवहाराला आपण ‘ठेका’ म्हणू लागलो. नाव बदलले, पिशवी तीच राहिली.

शहरांच्या बाबतीत हा व्यवहार सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालला तो जकातीचा. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा तो कर. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये उठली. महानगरपालिकांच्या जकातीची जागा २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कराने घेतली. मुंबईत मात्र १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत जकात टिकून होती. माझ्या पिढीने नाके चालू स्थितीत फारसे पाहिलेच नाहीत. आमच्या गावच्या वेशीवर नाक्याची पत्र्याची खोली अजून उभी आहे, तिच्यात उन्हाळ्यापुरते रसवंतीचे सामान ठेवतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी टेम्पोवर क्लीनर होते. नाक्यावरच्या रांगेत काढलेल्या रात्रींच्या त्यांच्याकडे पुष्कळ गोष्टी आहेत. पण त्या छापण्याजोग्या नाहीत.

ही जकात काही महापालिका आपल्या नोकरांमार्फत गोळा करीत, तर काही ठिकाणी निविदा मागवून अभिकर्ता नेमीत. त्यामागचे कारण उघड आहे. नाक्यावर रात्रंदिवस माणसे बसवायची, त्यांचे पगार द्यायचे, त्यांच्या हातून गळती होते ती सोसायची, यापेक्षा वर्षाची ठोक रक्कम हाती पडलेली बरी वाटते. कायद्याने याला मुळातच मनाई आहे असे नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही किंवा वसूल करता येत नाही. म्हणून कर बसविणे आणि त्याचा दर ठरविणे हे काम नगरपालिकेनेच करायचे. अभिकर्त्याने फक्त ठरलेल्या दराने गोळा करायचे. दरात एक पैशाची भर घालण्याचा अधिकार त्याला नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे, त्याचे कारण पुढे येईल.

ठेका देण्याची रीत थोडक्यात अशी. नगरपालिका जाहिरात देते. तिच्यात किमान देकार, बयाणा रक्कम आणि कोण निविदा भरू शकेल याच्या अटी असतात: अमुक वर्षांचा अनुभव हवा, अमुक उलाढाल हवी, मागची थकबाकी नसावी. मुदतीत निविदा येतात. आधी पात्रतेचा लिफाफा उघडतात, मग दराचा. रस्ता बांधायचा असेल तर सर्वांत कमी दराची निविदा पुढे सरकते. कराच्या वसुलीत उलटे असते, तेथे जो सर्वांत जास्त देईल तो पुढे. मग मंजुरी, अनामत, करारनामा आणि कार्यादेश. यातल्या प्रत्येक पायरीवर भांडण होऊ शकते आणि होतेही. हरलेला बोलीदार अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. नगरपालिका ही घटनेच्या दृष्टीने ‘राज्य’ असल्यामुळे अनुच्छेद १४ मधील समानतेचे तत्त्व तिला लागू आहे. खाजगी मालक आपले दुकान वाटेल त्याला चालवायला देईल, नगरपालिकेला तसे करता येत नाही.

आता उल्हासनगरचा खटला पाहू. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले हे शहर. तेथील महानगरपालिकेने जकात वसुलीसाठी निविदा मागविल्या. निविदा भरण्याची मुदत संपली आणि त्यानंतर पात्रतेविषयीची एक अट महापालिकेने वगळून टाकली. ठेका एका कंपनीला गेला, प्रतिस्पर्धी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, खेळाडू मैदानात उतरल्यावर एखादी अट काढून टाकणे म्हणजे खेळ सुरू झाल्यावर त्याचे नियम बदलण्यासारखे आहे. अटी बदलण्याची महापालिकेला मोकळीक असेल, पण मग निविदा नव्याने मागवा. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मोनार्क इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध उल्हासनगर महानगरपालिका आयुक्त या निवाड्यात हीच दिशा योग्य ठरविली. अट निघाली तर जाळे अधिक मोठे होईल, अधिक लोक भाग घेतील आणि अधिक चांगले देकार येतील, असे त्यामागचे कारण दिले.

मला या कारणाचे फार नवल वाटले. न्यायालयापुढे उभे होते ते निविदा भरणारे. पण न्यायालयाने विचार केला तो न आलेल्या माणसाचा. अट वाचून ‘आपण यात बसत नाही’ म्हणून जो घरी बसला, त्याला अट निघाल्याचे कळले असते तर तो आला असता. त्याचे नावगाव कोणाला ठाऊक नाही, तरी त्याच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने ओळखले.

या विचाराचे मूळ १९७९ सालच्या एका निवाड्यात सापडते. तो खटला कराचा नाही, उपाहारगृहाचा आहे. पण सरकारी ठेक्यांवरचे वाद समजून घ्यायचे तर त्याला वळसा घालून जाता येत नाही. मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह आणि अल्पोपाहाराची दोन दुकाने चालविण्यासाठी विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागविल्या. अट अशी की, निविदा भरणारा दुसऱ्या दर्जाचा नोंदणीकृत हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. ठेका मिळाला तो ही अट पूर्ण न करणाऱ्याला. त्यावर रमणा दयाराम शेट्टी हे गृहस्थ न्यायालयात गेले. त्यांनी स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच, की ही अट शिथिल होणार आहे हे मला कळले असते तर मीही निविदा भरली असती.

न्यायमूर्ती भगवती यांनी हे म्हणणे मानले. सरकारने स्वतः जी कसोटी जाहीर केली ती सरकारलाही बांधते, एकाला ती लावायची आणि दुसऱ्याला माफ करायची हे मनमानीपणाचे आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. येथवर वाचून मी पान उलटले ते शेट्टी जिंकले असणार या खात्रीने. पण नाही! याचिका दाखल करायला त्यांनी पाच महिन्यांहून अधिक उशीर केला होता, तेवढ्यात ठेकेदाराने सुमारे १,२५,००० रुपये खर्चून दुकान थाटले होते, आणि शेट्टी हे खरे तर दुसऱ्याच कोणासाठी लढत आहेत असे न्यायालयाला दिसून आले. म्हणून तत्त्व मान्य झाले आणि दाद नाकारली गेली. आज देशभर या निवाड्याचे दाखले देतात, पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्याच्या पदरात काही पडले नाही.

वेळ हा या सगळ्या खटल्यांमधला लपलेला पक्षकार आहे. म्हैसूर राज्यातील दारूच्या मक्त्याचा के. एन. गुरुस्वामी यांचा खटला १९५४ सालचा. लिलावात सर्वांत मोठी बोली गुरुस्वामींची होती. नंतर लिलावाबाहेर दुसऱ्याने जास्त रक्कम देऊ केली आणि मक्ता त्याला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ही रीत चुकीची ठरविली. परंतु निकाल लागेपर्यंत मक्त्याची मुदत जेमतेम पंधरा दिवस उरली होती. आता आदेश देऊन उपयोग काय, म्हणून तो दिला नाही. पूल बांधायचा ठेका असेल तर पूल सहा महिने उशिरा बांधता येतो. वसुलीचा ठेका तसा नाही. गेलेल्या दिवसाची जकात परत गोळा करता येत नाही. म्हणून अशा वादात अंतिम निकालापेक्षा पहिल्या दिवशी मिळणाऱ्या स्थगितीला मोल असते. स्थगिती मिळाली की नवा ठेकेदार बाहेर थांबतो, आणि मधल्या काळात नगरपालिका स्वतः वसुली करते किंवा जुन्यालाच मुदतवाढ देते. जुनाच याचिकाकर्ता असेल तर तो खटला हरूनही काही महिने जिंकलेला असतो!

हे न्यायालयांना ठाऊक नाही असे कसे म्हणावे? १९९४ साली टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, निर्णय बरोबर की चूक हे आम्ही अपिलाप्रमाणे तपासणार नाही, तो कोणत्या रीतीने घेतला एवढेच पाहू. पुढे जगदीश मंडल खटल्यात दोन प्रश्न ठरवून दिले. निर्णय दुष्ट हेतूने किंवा कोणा एकावर मेहेरनजर करण्यासाठी घेतला आहे काय, अथवा कोणताही समंजस माणूस घेणार नाही इतका तो अविवेकी आहे काय? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते काय? उत्तर ‘नाही’ असेल तर न्यायालयाने हात आवरता घ्यावा. २०१६ साली नागपूर मेट्रोच्या प्रकरणात तर निविदेतील शब्दांचा अर्थ लावायला ज्याने निविदा लिहिली तोच सर्वांत योग्य, असे म्हटले गेले. हे शेवटचे मला तितकेसे पटत नाही. ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्यानेच तिचा अर्थ सांगायचा हे ठीक, पण त्याचा पुतण्याही परीक्षेला बसला असेल तर? सर म्हणाले की, दुष्ट हेतूची कसोटी त्यासाठीच ठेवली आहे. असेल.

पण माझी खरी अडचण ‘सार्वजनिक हित’ या शब्दापाशी आहे. वसुलीच्या ठेक्यात सार्वजनिक हित म्हणजे बहुधा नगरपालिकेच्या तिजोरीत पडणारी जास्तीत जास्त रक्कम असे धरले जाते. उल्हासनगरच्या निवाड्यातही चांगला देकार म्हणजे मोठा देकारच अभिप्रेत आहे. तिजोरी सर्वांची, तेव्हा हे वावगे नाही. पण ती रक्कम येते कोठून? एक हिशेब मांडून पाहते. आकडे समजुतीचे आहेत. समजा, आठवडी बाजाराच्या वसुलीचा वर्षाचा किमान देकार दहा लाख रुपये आहे आणि चुरशीत एकाने तो तेरा लाखांना घेतला. वर्षाचे बाजार ५२. म्हणजे दर बाजारी २५,००० रुपये जमले तर त्याची नुसती मुद्दल निघेल. बाजारात बसणारे एक हजार आणि पावती वीस रुपयांची असेल तर जमतात २०,०००. वरचे पाच हजार, पिशवीवाल्यांची मजुरी आणि ठेकेदाराचा नफा कोठून येणार? बसणारे वाढत नाहीत, दर वाढविण्याचा त्याला अधिकार नाही. मग जे वाढते ते पावतीवर छापलेले नसते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. बाजारात घेतात ती कायद्याच्या भाषेत ‘फी’ असते, ‘कर’ नव्हे. फीच्या बदल्यात ओटा, पाणी, झाडलोट अशी काही सेवा अपेक्षित असते. हा फरक सरांनी माझ्या पहिल्या खर्ड्यावर लाल शाईने लिहून दिला. तो मी आईला समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, ‘पाणी? कुठं हाय पाणी?’ पण ठेका द्यायची रीत दोन्हींत सारखीच, आणि वादही तसेच.

आमच्या गावी (नाव देत नाही) गेल्या वर्षी असाच वाद झाला. बाजार वसुलीचा ठेका एकाला मिळाला, दुसरा खंडपीठाकडे गेला. त्याची निविदा कागदपत्र अपुरे म्हणून बाजूला टाकली होती. स्थगिती आली. सात-आठ रविवार नगरपरिषदेचा शिपाई स्वतः पावती फाडायला आला. वीस रुपये छापलेले, वीसच घेतले. आप्पांना वाटले, कोर्टाने आपले ऐकले. मग याचिका फेटाळली गेली, ठेकेदाराचा माणूस पुन्हा आला आणि वीसच्या पावतीला तीस रुपये सुरू झाले. त्या रात्री भाकरी थापता थापता आईने मला विचारले,

‘खटला कोण जिंकलं गं?’

‘ठेकेदार.’

‘आन् हरलं कोण?’

‘दुसरा ठेकेदार.’

‘दोन्ही ठेकेदारच की.’

इतके निवाडे वाचून मला जे सुचले नव्हते ते आईने परातीपाशी बसून सांगितले. न्यायालयाने आमच्याविरुद्ध काही ठरविले नव्हते. आमचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता. वाद होता निविदेतल्या कागदपत्रांचा. त्यात जिंकणारा काय हरणारा काय, दोघांनाही पावती तीसची झाली तर दुःख नव्हते. न भरलेल्या निविदेच्या मालकाला न्यायालयाने १९७९ साली ओळखले, २००० साली ओळखले. पैसे भरणारा बाजारात रोज हजर असतो, पण त्या खटल्यात तो गैरहजरच राहतो.

त्याने वेगळी याचिका करावी असे कोणी म्हणेल. दार बंद नाही. जादा वसुली ही अनुच्छेद २६५ च्या भाषेत सांगायची तर कायद्याच्या अधिकाराबाहेरची वसुली आहे आणि करारनाम्याचा भंगही आहे. फी असली तरी ठरलेल्या दराबाहेर ती कोणत्या आधारावर घेणार? पण दहा रुपयांसाठी खंडपीठाच्या शहरी जायचे म्हणजे एसटीचे भाडेच किती, आणि त्या दिवसाची मिरची कोण विकणार? जनहित याचिकेची वाट आहे, पण तिलाही वकील लागतो. म्हणून मला वाटते, ठेक्याचा वाद न्यायालयापुढे येईल तेव्हा सार्वजनिक हित मोजताना तिजोरीच्या रकमेबरोबर एक साधी गोष्ट विचारावी: हा देकार ठरलेल्या दराने वसूल होण्याजोगा आहे काय? निविदा छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही हे गणित मांडायला हरकत नाही. रस्त्याच्या कामात दर अवाजवी कमी आला तर ‘एवढ्यात काम कसे करणार’ असे ठेकेदाराला विचारतात. वसुलीत अवाजवी जास्त आला तर हारतुरे घालतात.

सर म्हणाले, ‘हे तुझे मत झाले, पुरावा काय?’ म्हणून मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आमच्या मंजूर दरांची आणि करारनाम्याच्या अटींची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत असते, अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. दर चौरस फुटांवर ठरलेला आहे. आमची ताडपत्री मी पट्टीने मोजली, पाच फूट बाय चार फूट. तिला वीस रुपयेच बसतात. दरफलक बाजारात ठळक जागी लावण्याची जबाबदारी ठेकेदाराची आहे, अशीही एक अट निघाली. असा फलक आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेला नाही.

पुढच्या रविवारी मी कागद घेऊन आप्पांच्या शेजारी बसले. पिशवीवाला आला. मी कागद पुढे केला. त्याने तो उभ्या उभ्या सावकाश वाचला, शिक्का पाहिला, मग आप्पांना म्हणाला, ‘पोरगी कालिजात जाती का?’ आप्पा म्हणाले, ‘जाती.’ त्याने वीस रुपये घेतले आणि पावती फाडून दिली. मग शेजारच्या लसूणवाल्या मावशींपुढे जाऊन उभा राहिला आणि तीस रुपये मागितले. मावशींनी माझ्याकडे पाहिले, मी कागदाकडे. कागद एकच होता.

दुपारी बाजार उलगल्यावर आप्पा तो कागद घेऊन स्टँडसमोरच्या दुकानात गेले आणि त्याच्या दहा झेरॉक्स काढून आणल्या. वीस रुपये झाले.